ठमीच्या खोलीची भिंत

आत

फिटरच्या कमरेचा दोर खिडकीतून आत आला होता. खाटेच्या लोखंडी पायाला त्याने दोन वेढे घेतले होते, वर एक गाठ होती, आणि उरलेला दोर शेपटासारखा फरशीवर पडला होता. खाटेवर फिटरची बायको बसली होती. काम सोपं होतं. बसायचं. उठायचं नाही. छज्ज्यावर पाय टाकण्याआधी फिटरने तिला बजावलं होतं की नुसत्या खाटेचा काही भरवसा नाही, ती सरकेल, तेव्हा तू वजन म्हणून बसायचंस; बेल वाजू दे, दूध उतू जाऊ दे, खाली पाय ठेवायचा नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या वजनाचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होतोय, असं ती म्हणाली. तो हसला नाही. कामावर असताना तो हसत नाही हे तिला आजच कळलं. तिने त्याला कामावर कधी पाहिलंच नव्हतं.

तर आतली परिस्थिती अशी. खाट. खाटेवर बाई. बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात नट, बोल्ट, वायसर, चिकटपट्टीची गुंडाळी. डोक्याच्या वर, छताजवळ, एसीचं आतलं पांढरं मशीन; ते त्याने कालच टांगलं होतं. त्याच्या बाजूला भिंतीत वाटीच्या तोंडाएवढं भोक, बाहेरच्या अंगाला जरा उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भोकातून बाहेरचं ऊन आत आलं होतं आणि समोरच्या भिंतीवर एक गोल ठिपका घेऊन बसलं होतं.

दोर ताणला की तो पलीकडे सरकला. सैल पडला की भिंतीशी आला. एवढंच तिला त्याचं कळत होतं.

आणि तिच्या पोटात एक गोष्ट होती, सकाळी साडेआठपासून. ठमी घरी राहायला येणार नव्हती.

बाहेर, म्हणजे नुसतं ऐकू आलेलं

ड्रिल. आधी भिंतीत, मग खाटेत, मग दातांत. थांबलं. मग फुंकर, तो छज्ज्यातल्या भोकातली माती फुंकून काढत होता. पुन्हा ड्रिल. हातोडीचे चार ठोके, एक जोरात आणि तीन समजुतीचे.

खालून ड्रायव्हरकाका. समोरच्या इमारतीत राहणारे, तीस वर्षं बस चालवून घरी बसलेले. सकाळी बाहेरचं मशीन दोन जिने चढवायला आणि खिडकीतून छज्ज्यावर सरकवायला त्यांनी हात लावला होता. त्यानंतर घरी जायचं सोडून ते खाली गल्लीत उभे राहिले होते, लोखंडी स्टँड सरळ बसतोय की नाही ते बघायला. फिटरजवळ त्यासाठी पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी होती. पण काकांना हे सांगणार कोण?

"घ्या, घ्या, डावीकडून घ्या... अजून... बस. आता थोडं मागे."

"मागे भिंत आहे," फिटरचा आवाज.

"मग राहू द्या."

मग घासल्याचा आवाज. मशीन चालवत नेणं म्हणतात त्याला. एक बाजू उचलायची, दोन बोटं पुढे ठेवायची, मग दुसरी बाजू. घरात कपाट हलवताना तो तिलाही तसंच करायला सांगायचा. आत्ता तो एकटाच दोन्ही बाजू करत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून एक आवाज येत होता. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गेल्या दोन वर्षांपासून खुर्चीतून उठतानाही तो येतो.

दोर ताणला. तिने दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. सैल पडला. तिने सोडली.

आत, पण सकाळी

फिटर स्टँड आणायला गेला होता तेव्हा फोन वाजला होता. म्हणजे वेळ अशी साधली गेली की ऐकायला ती एकटीच.

ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक. तिचं कागदोपत्री नाव वेगळं आणि बरं आहे. ठमी हे बापाने पाळण्यात पाहून ठेवलेलं. आता पस्तिशीची, लांब, समुद्रापलीकडे नोकरीला, तिथेच लग्न, तिथेच दीड वर्षाचा मुलगा. पाच वर्षांनी येणार होती. शुक्रवारी. दहा दिवस.

महिन्यापूर्वी ती बोलता बोलता म्हणाली होती, आई, घरात गार करायची काही सोय आहे का गं आता? आई म्हणाली होती, नाही बाई, पंखा आहे. ठमी म्हणाली होती, बरं, बघू मग.

हे 'बघू मग' फिटरच्या जिव्हारी लागलं. साडेचार हजार घरांच्या भिंती फोडून गारवा आत नेलेला माणूस तो. त्याच्या पोरीने उन्हाळ्याच्या सुट्ट्या खिडकीवर ओली चादर टांगून काढल्या होत्या. कारण उन्हाळा म्हणजे हंगाम. उन्हाळ्यात तो पहाटे जायचा आणि लोकांच्या भिंतीची धूळ केसात घेऊन परत यायचा, आणि स्वतःच्या घरात मशीन लावायला कधी सवड झाली नाही, मग नंतर कधी आठवण झाली नाही. एकदा लग्नानंतर ठमी सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाली होती, फिटरची मुलगी मी, घामोळ्यांशिवाय एक उन्हाळा गेला नाही माझा. सगळे हसले होते. फिटरही हसला होता. पण तो विसरला नव्हता, हे मशीन दारात आलं त्या दिवशी बायकोला कळलं.

मशीन आणलं आणि पहिली ताकीद काय दिली, तर तिला सांगायचं नाही. येऊ दे, दार उघडू दे, अंगाला लागू दे, मग बघू काय म्हणते.

आणि आज सकाळी ठमी फोनवर म्हणाली:

की आई, हॉटेल घेतलंय. की नवऱ्याच्या मीटिंगा तिथून जवळ पडतात. की पिल्लू गार खोलीशिवाय झोपत नाही, आणि हॉटेलवाले पाळणा देतात. की तुम्हा दोघांना या वयात कशाला धावपळ. की दिवसा आम्ही येऊच ना, जेवायला येऊ, रोज येऊ. की दहाही रात्रींचं केलंय, म्हणजे मग मधेच सामान हलवायला नको.

आणि आई म्हणाली: "बरं केलंस. तेच सोयीचं."

अगदी लगेच. जणू वाक्य तोंडात तयारच होतं. ठमी क्षणभर थांबली होती, मग म्हणाली होती, हो ना, मला वाटलंच तुला पटेल.

मशीनचं सांगता आलं असतं. ताकीद दिली होती, पण ताकिदी काय मोडता येत नाहीत? ती मोडली नाही याचं कारण दुसरं होतं, आणि ते तिने फोन ठेवल्यावर ओट्यापाशी उभं राहून स्वतःला नीट सांगून पाहिलं. उकाडा आहे म्हणून ठमी येत नाही, हे बरं आहे. उकाड्याला दोष देता येतो. उद्या मशीन लागलं, खोली गार झाली, ते ठमीला सांगितलं, आणि ती तरीही आली नाही, तर?

मग काय म्हणायचं? कुणाला?

भिंतीतून

पाईपची वेळ आली तेव्हा ती खाटेवर उभी राहिली. उभं राहिलं तरी वजन तेवढंच, हे त्याने मान्य केलं होतं.

तांब्याचे दोन पाईप, एक करंगळीएवढा, एक अंगठ्याएवढा, काळ्या फोमच्या नळीत गुंडाळलेले. तिने आतून सरकवायचे, त्याने बाहेरून ओढायचे. ओढताना तो सारखा बोलत होता. वाकवू नकोस. चेपला की गेला. गोल फिरव, गोल. बाळाचा हात बाहीतून काढतेस ना, तसा. तिने तसा काढला. एकदा त्याची बोटं भोकातून आत आली, पाईप चाचपत, सिमेंटने पांढरी झालेली, आणि चुकून तिच्या बोटांना लागली. दोघांनीही हात मागे घेतले नाहीत. मग पाईप सरकायला लागला.

भोकातून त्या दुपारी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं ते असं: दोन पाईप. एक वायर. पाणी जायची पांढरी नळी. दहा नंबरचा पाना, तो चुकीचा निघाला म्हणून परत, मग मोठा पाना. पाण्याची बाटली, जी मावली नाही. ओला रुमाल, जो मावला. "लागलं का कुठे?" "नाही." "आवाज कसला झाला?" "स्क्रू पडला." "कुणाच्या डोक्यात?" "ड्रायव्हरच्या." "लागलं?" "विचारतो." "काय म्हणाले?" "म्हणतायत, टायर वाचला."

मशीनच्या नळ्यांवरचे पितळी नट त्याने आधीच काढून तिच्याकडे दिले होते, डब्यात ठेव म्हणून. आता भोकातून हात आला. नट दे दोन्ही. तिने दिला. हात गेला.

नंतर बराच वेळ काही आवाज नव्हता. तो पाईपचं तोंड फुलवत होता. तांब्याची कड हत्याराने हळूहळू बाहेर वळवायची, कर्ण्यासारखी, एकसारखी, चिरा न पडता. हे काम त्याच्या हातचं म्हणून लोक दुरून बोलावायचे त्याला. तिला ऐकून माहीत होतं सगळं. जेवताना तो कामाच्याच गोष्टी सांगायचा. नट आधी पाईपमध्ये ओवायचा, मग तोंड फुलवायचं. नवशिका हमखास उलटं करतो. सुंदर तोंड फुलवतो, कौतुकाने बघत बसतो, आणि मग नट त्यावरून जातच नाही. शर्टाची बटणं लावून झाल्यावर बनियन आठवल्यासारखं. या गोष्टीवर तो दरवेळी हसायचा आणि ठमीही हसायची, लहान होती तेव्हा.

"अगं," बाहेरून तो म्हणाला.

आवाज इतका हळू होता की ती भोकापाशी कान घेऊन गेली.

"नट राहिला."

तिने डब्यात पाहिलं. वायसरच्या गर्दीत एक पितळी नट होता, अंगठ्याएवढ्या पाईपचा.

"तोंड फुलवून बसलो," तो म्हणाला. "दोन्ही. आणि नट एकाच पाईपात." मग, "गेले हात आता. पोरगी येणार म्हणून हौसेने करायला गेलो आणि बघ. पहिल्या दिवशीच्या पोराने करावं असं केलं."

त्याने दोन मागितले होते. तिने एकच दिला होता. तिचं लक्ष नव्हतं. आणि तो तिथे छज्ज्यावर उन्हात बसून स्वतःच्या हातांना नावं ठेवत होता. हे मात्र तिला सहन होईना. भिंत मधे होती हेही एक बरं होतं; तोंड दिसत नसलं की काही गोष्टी निघतात.

"अहो. तुम्ही दोन मागितले होते. मी एक दिला."

"मग मी बघायला नको?"

"माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ठमीचा फोन आला होता सकाळी." आणि मग थांबली तर राहील म्हणून तिने सगळं एका दमात सांगितलं. हॉटेल. मीटिंगा. पाळणा. दहा रात्री.

दोर सैल पडला. तो भिंतीला टेकला असावा.

"दहाच्या दहा?"

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"बरं केलंस म्हणाले."

बाहेर एक रिक्षा की काहीतरी गेलं. कुणीतरी गच्चीवर पाणी ओतलं, ते पन्हाळीतून घळघळत खाली गेलं.

"मशीनचं सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"मग सांग. आत्ता लाव फोन."

"आणि मशीन आहे म्हटल्यावरही नाही आली तर?"

ती वाट बघत राहिली, खाटेवर उभी, भिंतीला कान लावून, आणि भिंत उन्हाने इतकी तापली होती की कानाची पाळी भाजत होती.

"काय हो," खालून ड्रायव्हरकाका ओरडले, "गाडी बंद पडली का?"

"नाही," फिटर म्हणाला. "पाईप कापायचाय."

भोकातून हात आला. तिने त्यावर नट ठेवला. हाताने मूठ मिटली आणि मुठीसकट तो हात थोडा वेळ तिथेच राहिला, भिंतीच्या जाडीत. मग गेला.

बाहेर, पुन्हा ऐकू आलेलं

कापायच्या हत्याराची किर्र किर्र. टण्ण, तुकडा पडला. शांतता, तोंड फुलवण्याची. फुंकर. पाईप दोन बोटं आखूड झाला होता, म्हणून बोल्ट सैल करून पूर्ण मशीन दोन बोटं भोकाकडे सरकवणं आलं. तो आवाज. पुन्हा तो आवाज. पाना. पाना. पाना.

हा माणूस आता काम अर्धं टाकून आत येईल असं तिला वाटलं होतं. आणखी खरं सांगायचं तर तिला तसं हवं होतं. आत येऊन त्याने चिडावं, ठमीला दोन शब्द बोलावे, हिलाही बोलावे, मशीन परत द्यायची भाषा करावी. मग तिला म्हणता आलं असतं, राहू द्या हो, पोरांची मर्जी. असं म्हणायचं तिला फार वर्षांपासून चांगलं जमत होतं. ठमी शिकायला दूर गेली तेव्हा म्हटलं, लग्न तिकडेच केलं तेव्हा म्हटलं, बाळंतपणाला येऊ का विचारल्यावर ठमी म्हणाली इथे सगळं बघतात गं, तेव्हाही म्हटलं. तुझ्या सोयीने कर. सोय बघ. सोयीचं पडेल ते. पाच वर्षांत त्या दोघींच्या बोलण्यात या शब्दाने इतकी जागा व्यापली होती की दुसरं काही ठेवायला जागाच उरली नव्हती.

पाना. पाना. मग मोटर चालू झाल्यासारखी घरघर.

आत, दोघं

घरघर पंपाची होती. पाईपातली सगळी हवा ओढून काढायची, मग पंप बंद करायचा, आणि घड्याळासारख्या गोल डायलवरचा काटा अर्धा तास बघायचा. काटा हलला नाही म्हणजे जोड पक्के. हलला, तर कुठेतरी केसाएवढी वाट राहिली. या अर्ध्या तासात कुणीच काही करू शकत नाही. लोकांच्या घरी हा चहाचा वेळ, तो म्हणाला.

तो खिडकीतून आत आला, आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय हातांनी उचलून. दोर सोडवला. तिला म्हणाला, उतर आता. पण ती तशीच बसून राहिली, मग तोही तिच्या शेजारी बसला. केस, भुवया, कान, सगळं पांढरं. चाळीस वर्षं तो असाच घरी यायचा आणि थेट मोरीत जायचा. ही धूळ अंगावर असताना तो तिच्या शेजारी कधी बसला नव्हता.

चहा तिने केला नाही. त्यानेही मागितला नाही.

"इथेच झोपायची ना?" त्याने विचारलं.

"खाट तेव्हा त्या भिंतीला होती. उन्हाळ्यात ती खाली फरशीवरच झोपायची, खिडकीखाली. चादर वाळली की मला उठवायची. मी परत भिजवून टांगायची."

"किती वेळा?"

"तीनदा. चारदा. कधी कधी तिची तीच भिजवायची. खुर्ची लागायची तिला खिडकीला पोचायला."

तो खिडकीकडे बघत बसला. खिडकीपलीकडे मशीनवर ठेवलेला डायल दिसत होता. काटा जिथल्या तिथे होता.

"ती उकाड्यामुळेच येत नसेल," तो म्हणाला. तो सांगत होता की विचारत होता, ते त्यालाही नीट ठरवता आलं नसावं. "लहान मूल आहे. खरंच झोपत नसेल."

"असेल."

"नसेलही."

"हो," ती म्हणाली. "नसेलही."

हे दोघांचं मोठ्याने म्हणून झालं, आणि छत जागेवर राहिलं.

काटा हलला नाही. फिटर उठला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकला, मशीनच्या बुडाशी किल्ली फिरवली. फुस्स झालं, गॅस पाईपात गेला. आत येऊन त्याने रिमोटचं बटण दाबलं. पांढऱ्या मशीनने ओठ उघडला. आधी कोऱ्या प्लास्टिकचा वास आला. मग, बऱ्याच वेळाने, त्यांच्या कपाळांना गार लागलं.

फोन

फिटर फोनवर कसा बोलतो ते सांगायला हवं. मोबाईल तोंडासमोर आडवा धरून, गल्लीच्या टोकाला गेलेल्या माणसाला हाक मारावी तसा. बायकोने नंबर लावला, पण फोन त्यानेच मागून घेतला.

"ठमे, तुझ्या खोलीत एसी लावलाय."

पलीकडे सकाळ होती. ठमी काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही, कारण तो लगेच पुढे सुरू झाला. दीड टनाचा आहे. पाईप अखंड, मधे एकही जोड नाही. बाहेरचा स्टँड अर्ध्या इंचाच्या बोल्टने बसवलाय. आणि मग, बायकोला काही कळायच्या आत, त्याने फोन धरलेला हात खिडकीबाहेर काढला, चालू मशीनच्या जवळ, आणि आठ-दहा सेकंद तसाच धरून ठेवला.

"ऐकलंस?"

"काय बाबा? मला काहीच ऐकू नाही आलं."

"तेच," फिटर म्हणाला. "तेच तर."

पलीकडे ठमी हसली. ते हसू ऐकून त्याला जोर आला आणि तो म्हणाला की आता फक्त एक टेस्टिंग राहिलंय. रिकामी खोली कुठलंही मशीन गार करतं, त्यात काही नाही. खोलीत माणसं झोपली, रात्रभर श्वास सोडायला लागली, की मग कळतं फिटिंग कसं झालंय. त्याशिवाय काम पुरं झालं असं आमच्यात म्हणत नाहीत. ठमी म्हणाली, मग तुम्ही दोघं झोपा ना बाबा तिथे. त्यावर तो म्हणाला, झोपू गं, आम्ही झोपूच, पण. आणि त्या 'पण'च्या पुढे त्याच्याकडे काहीच नव्हतं. तो बायकोकडे बघायला लागला.

तिने फोन घेतला. तळहाताला त्याच्या हातावरची धूळ लागली.

"ठमे. सकाळी मी खोटं बोलले."

"काय खोटं?"

"बरं केलंस म्हणाले ते. हॉटेल सोयीचं आहे, ते खरं. इथे गैरसोयच होईल तुमची. बाथरूम एक. पाळणा नाही. बाबा पहाटे पाचला खोकायला लागतात. तरी ये."

पलीकडे मुलाचा आवाज, काहीतरी आपटल्याचा. मग ठमी बोलायला लागली, आणि तिने पुष्कळ कारणं सांगितली, सकाळचीच, पण आता त्यांची रांग मोडली होती. मधेच ती सकाळीच का नाही सांगितलंस म्हणाली, मधेच नवऱ्याला विचारावं लागेल म्हणाली, मधेच मुलाला ते तोंडात नको म्हणाली. आई ऐकत राहिली. बरं म्हणाली नाही. हरकत नाही म्हणाली नाही. ओठांवर आलं होतं, दोनदा.

मग ठमी थांबली.

"आई, मला त्या खोलीत झोप नाही लागणार. गरमीचं नाही गं ते. तिथे मी रात्र रात्र पडून फक्त इथून कधी जाईन एवढंच मोजलंय. तुला कसं सांगू."

तर हे होतं. आईने भिंतीकडे पाहिलं. भोकाभोवती फिटरने पांढरं सिमेंट भरलं होतं, ते अजून ओलं होतं. ठमी चादर भिजवायला उठवायची तेव्हा आपण झोपेत काय बोलायचो, ते तिला आठवेना. काही बोलायचो का?

"नको झोपूस मग," ती म्हणाली. "एक रात्र जागी राहा. मी पण राहते."

किती वेळ गेला ते फिटरला विचारलं असतं तर त्याने अर्धा तास सांगितला असता. तो खिडकीला पाठ लावून उभा होता आणि बायकोच्या चेहऱ्यावरून डोळे काढत नव्हता.

"शनिवारी," ठमी म्हणाली. "एक रात्र. बाकीच्या तिकडे. चालेल?"

"नाही," आई म्हणाली, "पण ये."

आणि मग

मंगळवार होता. शनिवारला अवकाश होता. फिटरने रिमोट हातात घेऊन विचारलं, बंद करू का? ती म्हणाली, असू दे चालू. तिने खाटेवरची सिमेंटची पूड झटकली, खाली फरशी दोनदा पुसली, खाट त्या दुसऱ्या भिंतीला सरकवली, मग परत होती तिथे आणली. खोली एव्हाना चांगली गार झाली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काही न ठरवता बाहेर आली, आणि गारवा जाऊ नये म्हणून तिने दार ओढून घेतलं. दाराखालच्या फटीला जुना टॉवेल लावला.

बाहेरच्या खोलीत नेहमीचा उकाडा. पंखा होता तो गरम हवा ढवळत होता. फिटर अंघोळ न करताच खुर्चीत बसला, ती वेताच्या मोड्यावर.

थोड्या वेळाने ड्रायव्हरकाका आले, डोक्याला जिथे स्क्रू लागला होता तिथे हात लावून. एवढी मदत केली, तर आता जरा गार वाऱ्याला बसावं म्हणाले, आणि सरळ बंद दाराकडे निघाले. बाईने त्यांना मधेच अडवलं. आत्ता नको, दार उघडलं की गारवा जाईल, म्हणाली. काकांनी फिटरकडे पाहिलं. फिटरने खांदे उडवले आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. कुणासाठी ठेवलाय एवढा, काकांनी बसता बसता विचारलं, आणि ठमीसाठी म्हटल्यावर, ती कधी येणार, म्हणाले.

"शनिवारी," फिटर म्हणाला. "राहायला."

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि वारा घ्यायला सुरुवात केली. तिघं घाम पुसत दाराकडे तोंड करून बसली.